ऑनलाईन मित्रांशी रोज काय बोलायचं? आणि मधे गॅप पडली तर परत सुरुवात कशी करायची?

तुम्ही विचारलंय की ऑनलाईन ओळख झालेल्या मित्रांशी "जेवलास का" आणि "काय चाललंय" च्या पुढं गाडीच सरकत नाही, मग हळूहळू बोलणं बंद पडतं आणि दोन-तीन महिने गेले की परत मेसेज करायला ऑकवर्ड वाटतं. यावर मी नक्की बोलू शकते, कारण आमचा छोटासा ग्रुप ऑर्कुटच्या काळातला आहे. ऑर्कुट ३० सप्टेंबर २०१४ ला बंद झालं, त्याच्या आधीच आम्ही सगळे व्हॉट्सॲपवर गोळा झालो होतो, आणि अजून रोज गप्पा चालतात. यातल्या बऱ्याच जणांना मी प्रत्यक्षात कधी भेटलेली पण नाही.

मला विचाराल तर "जेवलास का" मधे वाईट काही नाही, फक्त तो प्रश्न कुणालाही विचारता येतो म्हणून त्याला उत्तर पण "हो, तू?" एवढंच येतं. समोरच्याच्या गावातलं, घरातलं, त्या दिवसांतलं काहीतरी धरून विचारा, तोच माणूस भरभरून लिहायला लागतो.

मी सांगलीची. जुलै लागला की आमच्या ग्रुपमधली नागपूरची ताई, जिनं सांगली कधी बघितलेली नाही, ती सकाळी सकाळी टाकते, "आयर्विन किती?" बास, एवढंच. आयर्विन म्हणजे आमच्या कृष्णेवरचा १९२९ चा पूल, त्याच्यापाशी पाणी किती फुटांवर आहे ते मोजतात, ४० ला इशारा पातळी, ४५ ला धोक्याची. पावसाळ्यात इथं दूधवाल्यापासून बँकेतल्या साहेबांपर्यंत सगळे त्या आकड्यावरच बोलत असतात, कोयना धरण किती भरलं, विसर्ग किती सोडला, उद्यापर्यंत किती फूट होईल. ताईला हे मी कधी बसून समजावून सांगितलं नव्हतं, वर्षानुवर्षं बडबड ऐकून ऐकून तिला पाठ झालं. तसंच मार्च संपत आला की मी तिला विचारते, "कूलर काढला का, ताट्या (कूलरच्या गवताच्या जाळ्या) बदलल्या का?" आणि मेच्या शेवटी नवतपा, म्हणजे तिकडचे कडक उन्हाचे नऊ दिवस, लागला की ती दुपारी काय करते, गच्चीवरची टाकी किती तापते, नळाला पाणी कसलं गरम येतं, हे सगळं येतं न विचारता.

अमेरिकेत न्यू जर्सीतली मैत्रीण आहे तिचं वेगळंच. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी तिकडं घड्याळ एक तास मागं जातं आणि आमच्यातला साडेनऊ तासांचा फरक साडेदहा होतो, म्हणजे माझ्या सकाळी आठच्या चहाला उन्हाळ्यात तिच्याकडं रात्रीचे साडेदहा आणि थंडीत साडेनऊ, त्यामुळं थंडीत ती जरा जास्त वेळ सापडते. हे आम्हाला सगळ्यांना माहीत आहे म्हणून तिला काही सांगायचं असलं की आम्ही त्या वेळेला सांगतो. दुबईवाल्याची सुट्टी शुक्रवार-शनिवार असायची, २०२२ च्या जानेवारीपासून तिकडं शनिवार-रविवार झाली आणि शुक्रवारी अर्धा दिवस, तेव्हापासून रविवार सकाळी तो पण आमच्यासारखाच पोहे करत गप्पांत असतो, आधी रविवारी बिचारा ऑफिसमधे असायचा.

तुम्हाला वाटेल या काय गोष्टी झाल्या. पण माझं मत पक्कं आहे की मैत्री टिकते ती यानंच, कारण मोठी बातमी येते तेव्हा समजावत बसायला कुणाकडंच ताकद नसते. २०१९ च्या ऑगस्टमधे पूर आला तेव्हा पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं. आमच्या भागात लाईट गेली, फोनला चार्जिंग नाही, मी माडीवर गेल्यावर ग्रुपवर एवढंच टाकू शकले, "४८ झालं. वर आलोय. फोन बंद ठेवते." एका पण माणसानं "४८ म्हणजे काय" विचारलं नाही. माझ्या मागं त्यांनी आपसात ठरवलं की सगळ्यांनी फोन करून हिची बॅटरी संपवायची नाही, फक्त नागपूरची ताई संध्याकाळी एकदा करेल आणि बाकीच्यांना सांगेल. आणि ताई फोनवर रडारड न करता पहिलं काय विचारायची, तर प्यायचं पाणी किती उरलंय आणि सासूबाईंच्या बीपीच्या गोळ्या किती आहेत. गोळ्यांचं तिला माहीत होतं कारण त्या मिळाल्या नाहीत म्हणून मी कधीतरी ग्रुपवर कुरकुर केली होती. सख्ख्या नातेवाईकांना पण हे सुचलं नाही हो.

दुसरं एक लक्षात ठेवा, लोकं स्वतःची बातमी सरळ सांगत नाहीत. ती साध्या वाक्याच्या शेपटाला येते. आमचा चिपळूणचा दादा आहे, २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठी नदीचं पाणी शहरात शिरलं तेव्हा त्याचं दुकान आणि खालचं घर दोन्ही गेलं. "आम्ही ठीक आहोत" एवढा मेसेज आला आणि नंतर तो गप्पच. आम्ही "किती नुकसान झालं" असं विचारायचं नाही असं ठरवलं, ज्याला मदत पाठवायची त्यानं परस्पर पाठवली आणि ग्रुपवर रोजचं चालू ठेवलं, कुणाच्या पोराची परीक्षा, कुणाची कढी फुटली, असलंच. मग गणपतीत त्याचा मेसेज आला, "यंदा मोदक सगळे चिरले, घरचा तांदूळ भिजून गेला ना, मदतीत आलेल्या तांदळाची उकड काही नीट येईना." आता यात मोदक किती आणि दुःख किती ते कळतंच की. पण तो मोदकाचं बोलत होता म्हणून आम्ही पण मोदकाचंच बोललो, पिठात थोडं साबुदाण्याचं पीठ घाल, उकड गरम असतानाच तेल-पाण्याचा हात लावून मळ, सुकायला देऊ नको. त्या रात्री मग तोच आपणहून दुकानाचं, चिखलाचं, वडिलांच्या जुन्या वह्यांचं सगळं बोलला. थेट विचारलं असतं तर नसता बोलला.

म्हणून कुणी लिहिलं "आज भाजी नाही केली, दवाखान्यातच उशीर झाला" तर भाजीवर थांबू नका, पण एकदम प्रश्नांची सरबत्ती पण नको. "बरं, कोण आहे दवाखान्यात? रात्रीचं जेवणाचं काय करताय?" एवढं पुरतं. आणि कुणाकडं कुणी गेलं तर हात जोडल्याचं चित्र पहिल्या दिवशी सगळेच टाकतात, खरी गरज तेराव्यानंतर असते, पाहुणे गेलेले असतात आणि घर रिकामं असतं. तेव्हा विचारा, आई जेवतात का, झोप लागते का.

आता तुमचा गॅपचा प्रश्न. "सॉरी यार खूप बिझी होतो" ने सुरू करू नका, कारण मग समोरचा पण "अरे नाही मीच" करत बसतो आणि दोघांचं बोलणं तिथंच संपतं. वर स्क्रोल करून बघा शेवटचं बोलणं कशावर थांबलं होतं. त्याच्या बहिणीचं लग्न ठरत होतं? गाडी घ्यायची होती? आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन होतं? तिथूनच उचला, "काकूंचा गुडघा कसाय आता, जिना चढतात का?" असं. "काकू कशा आहेत" म्हणू नका, जिन्याचं विचारा, म्हणजे तुमच्या लक्षात आहे हे त्याला कळतं. दोन-चार दिवस उत्तर आलं नाही तरी मनाला लावून घेऊ नका, परत कधीतरी तुमच्याकडचंच काहीतरी साधं टाका, पाऊस आला, गॅस संपला, काहीही. मेसेज मात्र आजच करा, ऑपरेशन झालं असेल तर घरात बसून कंटाळलेल्या काकूंना पण बरं वाटेल कुणीतरी विचारलं म्हणून.