दिनविशेषांचं कॅलेंडर बाजूला ठेव

प्रिय,

अनेक आशीर्वाद.

तुझी फाइल नीट वाचली. चार जणांची सोशल मीडियाची एजन्सी, आजवरची कामं ओळखीतून मिळाली, आता ओळखी संपत आल्या म्हणून स्वतःचं पेज चालवायला घ्यायचंय, हे तू लिहिलंयस ते अगदी खरं आहे. बहुतेक एजन्स्यांचं हेच होतं. दुसऱ्यांची पेजेस रोज सजवायची आणि स्वतःच्या पेजवर शेवटची पोस्ट मागच्या दिवाळीची. तू बसून काही लिहून काढलंस याचं मला मनापासून समाधान वाटलं, म्हणूनच एवढं मोठं उत्तर लिहितेय.

फाइलच्या पहिल्या पानावर 'स्ट्रॅटेजी' असं आहे आणि आत सहा महिन्यांचं कॅलेंडर. रंग ठरलेत, फॉन्ट ठरलेत, किती वाजता काय टाकायचं तेही ठरलंय. पण अर्ध्याहून जास्त चौकोन दिनविशेषांनी भरलेत. आज अमुक जयंती, उद्या जागतिक तमुक दिन, परवा एकादशी, आणि खाली तुमचा लोगो. शाहू जयंतीला कोल्हापुरातल्या माणसाने दोन शब्द लिहावेत हे मलाही आवडतं. मात्र त्या दिवशी गल्लीतली पतसंस्था, दवाखाना, नगरसेवक सगळे तेच लिहितात, आणि एजन्सी म्हणून तुला काय येतं हे त्यातून कुणालाच समजत नाही. अमूलच्या जाहिराती १९६६ पासून ताज्या घडामोडींवरच चालल्यात, पण तिथे प्रत्येक वेळी लोणी असतं, ती मुलगी असते आणि बोलण्याची एक ठरलेली ढब असते. नुसती तारीख पकडून ते साधत नाही.

कॅलेंडर आधी बाजूला ठेव आणि एक गोष्ट ठरव: फोन कुणाचा यायला हवा?

तू लिहिलंयस, 'टार्गेट ऑडियन्स: लघु व मध्यम उद्योजक, वय २५ ते ५५'. यात अख्खा जिल्हा बसतो. शिरोली एमआयडीसीतला फौंड्रीवाला आणि गुजरीतला सराफ, दोघेही लघुउद्योजकच. फौंड्रीवाल्याला चाकणच्या किंवा परदेशातल्या कंपनीचा खरेदी अधिकारी गाठायचा असतो. त्याच्यासाठी लिंक्डइनवर कास्टिंगच्या (ओतीव भागांच्या) दर्ज्याबद्दल, टेस्टिंगबद्दल, वेळेत माल पोचवण्याबद्दल बोलावं लागतं. सराफाला लग्नसराईत दुकानाची पायरी चढणारं कुटुंब हवं असतं. एकच पेज या दोघांशी बोलायला गेलं की दोघांनाही ते आपल्यासाठी आहे असं वाटत नाही.

तुझ्याकडे आज चप्पलवाले आहेत, हुपरीचे चांदीवाले आहेत, एक दंतवैद्य आणि एक क्लास. त्यातली पहिली दोन कामं तू जीव ओतून केलीस हे मी पाहिलंय. मग तीच बाजू धर. पुढचे सहा महिने 'हाताने वस्तू घडवणाऱ्यांना ऑनलाइन गिऱ्हाईक मिळवून देणारी कोल्हापूरची एजन्सी' एवढीच तुझी ओळख होऊ दे. बाकीची कामं हातची जातील अशी भीती वाटेल. क्लासवाले सर तुझ्याकडे तू चांगलं काम करतोस म्हणून येतात, तुझ्या पेजवर चपला दिसल्या म्हणून ते जाणार नाहीत. नवीन माणसाला मात्र तुला कशासाठी गाठायचं ते एका नजरेत कळेल.

चप्पलवाल्यांचंच उदाहरण सविस्तर घेते, कारण तुझी निम्मी स्ट्रॅटेजी त्यांच्या कारखान्यातच पडलेली आहे.

जून २०२५ मध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये प्राडा या इटालियन फॅशन कंपनीने कोल्हापुरीसारख्या चपला दाखवल्या आणि कोल्हापूरचं नावही घेतलं नाही. इकडे केवढा गदारोळ झाला तुला आठवत असेल. महाराष्ट्र चेंबर ऑफ कॉमर्सने पत्र लिहिलं आणि प्रेरणा भारतीय हस्तकलेची आहे हे प्राडाला मान्य करावं लागलं. त्या दिवसांत इकडच्या कितीतरी पेजेसवर एकच पोस्ट फिरत होती, चपलेचा फोटो आणि त्यावर संतापाची एक ओळ. राग रास्तच होता. पण अशा वेळी ज्याच्याकडे कामाचं चित्रीकरण आधीपासून तयार असतं, त्यालाच सांगण्यासारखं काही असतं. बाभळीची साल आणि हिरडा वापरून चामडं कसं कमावतात, तळाचे थर एकावर एक कसे बसवतात, चामड्याच्याच वादीने कसं शिवतात, कोल्हापुरीचा कापशी हा प्रकार कसा ओळखायचा. कोल्हापुरीचं जीआय, म्हणजे भौगोलिक, मानांकन कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातले चार जिल्हे यांना मिळून आहे, हे तरी किती जणांना ठाऊक होतं? बातमी आल्यावर कॅमेरा घेऊन धावलं तर कारागिराला सवड नसते आणि आपल्याकडे रात्र उरलेली नसते.

म्हणून महिन्यातला एक अख्खा दिवस कारखान्यात जाऊन बस. पोस्टची यादी घेऊन जाऊ नकोस. कारागिराच्या हातांजवळ कॅमेरा ठेव आणि आवाज बंद करू नकोस, हातोडीचा ठोका आणि त्यांचं आपसातलं बोलणं येऊ दे. दुपारी दुकानात बसून काउंटरवर गिऱ्हाईक काय विचारतं ते लिहून घे. पावसात घातली तर चालेल का? नवीन चप्पल चावते, काय करू? साइज कसा कळवू? हे प्रश्न दुकानदाराला इतके सवयीचे झालेले असतात की त्यातून काही दाखवता येईल हे त्याच्या मनातही येत नाही. साइजचंच बघ. कोऱ्या कागदावर पाय ठेवायचा, पेन्सिल उभी धरून कडेने रेघ मारायची, टाच ते अंगठा पट्टीने मोजायचं आणि कागदाचा फोटो व्हॉट्सॲपवर पाठवायचा. अर्ध्या मिनिटाची रील झाली. बंगळुरूत नोकरी करणारी मुलगी वडिलांसाठी चप्पल मागवताना तीच रील आईला पाठवते.

हे पुढे पाठवणं फार महत्त्वाचं आहे. इन्स्टाग्रामचे प्रमुख ॲडम मोसेरी यांनी जानेवारी २०२५ मध्ये सांगितलं होतं की व्हिडिओ किती वेळ पाहिला जातो, बघणाऱ्यांपैकी किती जण लाइक करतात आणि किती जण तो पुढे पाठवतात, या तीन गोष्टींना सगळ्यात जास्त वजन असतं, आणि अनोळखी लोकांपर्यंत पोचायला पुढे पाठवणं विशेष कामाला येतं. जागतिक छायाचित्रण दिनाच्या शुभेच्छा कोण कुणाला पाठवणार?

आता तुझ्या स्वतःच्या पेजचं. तीच साइजची रील तिथे दुसऱ्या बाजूने सांग. दुकानाची अडचण काय होती (माप चुकल्यामुळे पार्सलं परत येत होती), तुम्ही काय केलं, त्यानंतर परत येणारी पार्सलं किती झाली. आधीचा आणि नंतरचा आकडा चप्पलवाल्यांकडून घे, तो छापायला त्यांची लेखी परवानगी घे. फरक थोडा पडला असेल तर थोडाच सांग. हुपरीत बसलेला दुसरा चांदीवाला हे वाचेल तेव्हा त्याला स्वतःच्या परत आलेल्या ऑर्डरी आठवतील. एजन्सीचं पेज यासाठी असतं. आठवड्याला अशी एक गोष्ट आणि एखादी छोटी झलक, एवढं चौघांना झेपतं. रोज एक पोस्ट चौघांना झेपत नाही; तिसऱ्या आठवड्यात डिझायनर क्लायंटचं काम अर्धवट टाकून तुमच्या पेजचा चौकोन भरत बसेल.

भाषेचं थोडक्यात सांगते. 'तुमच्या ब्रँडला द्या नवी झेप' वगैरे ओळी काढून टाक. तू क्लायंटशी फोनवर जसं बोलतोस तसंच लिही. कोल्हापुरी वळण आलं तर येऊ दे, चप्पलवाले 'पायताण' म्हणतात तर कॅप्शनमध्येही पायताणच असू दे.

प्लॅटफॉर्म तू सहा धरलेस. इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सॲप ठेव, गुगलवरचं बिझनेस प्रोफाइल नीट भर, बाकीचं आत्ता सोड. आणि सगळं परक्या जागेवर उभं करू नकोस. २९ जून २०२० ला टिकटॉकवर बंदी आली तेव्हा लाखो फॉलोअर असलेल्या पोरांचं सगळं एका रात्रीत गेलं. ४ ऑक्टोबर २०२१ ला फेसबुक, इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सॲप तिन्ही मिळून सहाएक तास बंद होते, तेव्हा निव्वळ मेसेजवर ऑर्डरी घेणारे दुकानदार हातावर हात ठेवून बसले होते. ज्यांनी तुझ्याकडे चौकशी केली त्यांचं नाव, नंबर, धंदा आणि गाव, त्यांना विचारून, स्वतःच्या वहीत किंवा शीटमध्ये ठेव. विचारून हा शब्द महत्त्वाचा आहे. २०२३ सालच्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याचा गाभाच संमती आहे. कुठून तरी मिळालेल्या नंबरांच्या यादीवर मेसेज मारणाऱ्या एजन्सीला मी कधीच चांगलं म्हटलेलं नाही.

मोजायचं काय? तू फाइलमध्ये फॉलोअर, रीच (किती जणांपर्यंत पोचलं) आणि व्ह्यूज असे तीन रकाने केलेस. त्यांच्या डावीकडे एक रकाना घाल, 'चौकशी', आणि त्यातच दुसरा, 'कुठून कळलं'. फोन उचलणाऱ्याने हा प्रश्न प्रत्येकाला विचारायचाच. प्लॅटफॉर्मने दाखवलेला आकडा डोळे झाकून घेऊ नये याचं एक मोठं उदाहरण आहे. लोक सरासरी किती वेळ व्हिडिओ बघतात हे आपण दोन वर्षं फुगवून दाखवत होतो, असं फेसबुकने सप्टेंबर २०१६ मध्ये स्वतःच कबूल केलं. तीन सेकंदांच्या आत निघून गेलेल्या माणसांना त्यांनी त्या सरासरीतून वगळलं होतं. जगभरच्या एजन्स्यांनी त्या आकड्यांवर क्लायंटचे पैसे लावले होते. तुझ्या वहीतल्या 'कुठून कळलं' या रकान्याला असं कुणी फुगवू शकत नाही.

जाहिरातीसाठी ठेवलेले पैसे पहिले तीन महिने तसेच राहू देत. एखादी गोष्ट लोक आपणहून पुढे पाठवायला लागले की तिच्यामागे पैसे लाव. पोस्टखालचं बूस्टचं बटण न दाबता, ॲड्स मॅनेजर या जाहिराती लावायच्या साधनातून, लोकांना व्हॉट्सॲपवर आणणारी जाहिरात कर, कोल्हापूर, इचलकरंजी, सांगली एवढाच परिसर धर, आणि बजेट मांडताना १८ टक्के जीएसटी विसरू नकोस. त्याआधी मेटाच्या, म्हणजे फेसबुक-इन्स्टाग्रामच्या कंपनीच्या, ॲड लायब्ररीत जाऊन आसपासच्या एजन्स्यांच्या चालू जाहिराती बघ. ती सगळ्यांना फुकट उघडी असते. आणि मेसेज आला की उत्तर कोण देणार त्या माणसाचं नाव फाइलमध्ये लिही. तुझ्या संपूर्ण आराखड्यात हे नाव कुठेच नाही. संध्याकाळी दुकान आवरताना चांदीवाला मेसेज टाकतो, दुसऱ्या दिवशी दुपारी त्याला 'हाय सर' जातं, तोवर त्याने दुसरीकडे विचारलेलं असतं.

दंतवैद्यांचं काम करतोस म्हणून एक सावधगिरीचं सांगते. दंतवैद्यांनी जाहिरात करून रुग्ण मिळवण्यावर त्यांच्या व्यवसायाच्या आचारसंहितेची बंधनं आहेत. त्यांच्या केसेस तुझ्या पेजवर 'एवढे पेशंट वाढवले' म्हणून मिरवू नकोस, तू त्यांना अडचणीत आणशील. दाताची निगा, मुलांचं दात घासणं असं माहितीपर काम मोकळेपणाने कर. तसंच एखाद्या इन्फ्लुएन्सरला पैसे किंवा फुकट चप्पल देऊन व्हिडिओ करून घेतलास, तर ती जाहिरात आहे हे स्पष्ट दिसलं पाहिजे. जाहिरात मानक परिषदेची, म्हणजे ॲस्कीची, याबद्दलची मार्गदर्शक तत्त्वं २०२१ पासून आहेत, आणि २०२३ मध्ये केंद्र सरकारनेही तेच सांगितलं. शिवाय सिनेमाचं गाणं धंद्याच्या रीलला लावू नकोस. हक्क विकत घेतलेले नसतील तर आवाज जातो, कधी रीलच जाते, आणि नोटीस क्लायंटच्या नावाने येते.

शेवटचा मुद्दा माझ्या फार जवळचा आहे. पेज, ॲड अकाउंट, डोमेन हे सगळं क्लायंटच्या नावावर असू दे, तू फक्त पार्टनर म्हणून प्रवेश घे. एजन्सीशी बिनसलं आणि वर्षानुवर्षं जपलेलं पेज हातातून गेलं, असे दुकानदार मी डोळ्यांत पाणी आणून बसलेले पाहिलेत. त्या माणसाने गिऱ्हाईकांचे फोटो, नावं, मेसेज सगळं विश्वासाने दिलेलं असतं. ही अट करारात तर घालच, पण पेजवर सगळ्यात वर पिन करून ठेव: 'तुमचं पेज तुमच्याच नावावर राहील. काम थांबवायचं ठरलं तर सात दिवसांत सगळे पासवर्ड आणि मूळ फाइली तुमच्या हातात.' पासवर्ड, रिकव्हरीचा फोन नंबर आणि ईमेल आत्ताच्या चारही क्लायंटच्या बाबतीत कुणाच्या नावावर आहेत ते आधी तपास. एकाचं जरी तुमच्या ऑफिसच्या जीमेलवर असेल, तर ते बदलल्याशिवाय ही पोस्ट टाकू नकोस.

नवीन फाइल एका पानाची कर आणि गणपतीच्या आत पाठव. त्यानंतर चप्पलवाल्यांचीही कामं वाढतील, त्यांच्याकडचा चित्रीकरणाचा दिवस आत्ताच मागून ठेव.

तुझी,
ताई