टेक्ससच्या राज्य शिक्षण मंडळाचा सदस्य व्हायला किती शिक्षण लागतं आणि पगार किती मिळतो?

तुम्ही लिहिलंय की तुमची ताई टेक्ससमध्ये स्थायिक आहे, बी.एड. आहे, भारतात बरीच वर्षं शिकवलंय. ही पदवी तिथल्या मंडळावर जायला चालेल का? पदवी कुणी विचारतच नाही. आणि पगार शून्य. बैठकांसाठीचा प्रवास आणि मुक्काम यांचा खर्च तेवढा भरून मिळतो.

कायद्याच्या अटी मोजक्याच आहेत. वय किमान 26, मतदारसंघात सलग एक वर्ष वास्तव्य आणि तिथली पात्र मतदार असणं. म्हणजे नागरिकत्व हवंच, ग्रीन कार्डवर भागत नाही. शिवाय दुसरं सरकारी पद नको आणि लॉबिस्ट (पैसे घेऊन कायदे करणाऱ्यांवर प्रभाव टाकणारा) म्हणून नोंदणी नको. शिक्षकच असायला हवं असंही नाही: 2007 ते 2009 मंडळाचे अध्यक्ष असलेले डॉन मॅकलेरॉय पेशाने दंतवैद्य होते.

अवघड आहे ते निवडून येणं. सदस्य 15, मुदत चार वर्षं, निवडणूक पक्षाच्या तिकिटावर, आधी प्रायमरी, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवणारी निवडणूक. 2020च्या जनगणनेनुसार एका मतदारसंघात सरासरी 19 लाखांवर लोक येतात, म्हणजे अमेरिकी काँग्रेसच्या मतदारसंघाच्या दुपटीहून जास्त! प्रायमरीचं अर्जशुल्क 300 डॉलर, पण एवढ्या लोकांपर्यंत पोचायचा खर्च आणि नोकरीतून काढायचा वेळ कुणीच भरून देत नाही. घरचं खाऊन लष्कराच्या भाकऱ्या भाजायची तयारी असेल तरच उतरावं. निवृत्त माणसं किंवा ज्यांचं घर दुसऱ्याच्या कमाईवर चालतं, त्यांनाच हे परवडतं. मला हे फार खटकतं, कारण पन्नास लाखांवर मुलं काय शिकणार ते हेच पंधरा जण ठरवतात.

मी स्वतः एकदा टेक्ससच्या राजधानीत, ऑस्टिनला, मंडळासमोर अभ्यासक्रमावर बोलायला गेलो होतो. पहाटे निघालो, दुपारी उशिरा नंबर लागला. बोलायला दोन मिनिटं. समोर घड्याळाचे आकडे उलटे पळत होते आणि मी कागदावरचा तिसरा परिच्छेद सोडून थेट शेवटाकडे उडी मारली. नंतर सदस्य एका वाक्यातल्या एका क्रियापदावर बराच वेळ वाद घालत बसले, मग हात वर करून मतदान. वर्गात उभं राहून शिकवलेलं माणूस तिथे हवं, असं त्या दिवशी प्रकर्षाने वाटलं.

बाकी राज्यांत तऱ्हा वेगळ्या. कॅलिफोर्नियात गव्हर्नर नेमणूक करतो, कामाच्या दिवसाला 100 डॉलर मिळतात. न्यूयॉर्कमध्ये 17 रीजंट (तिथल्या मंडळाचे सदस्य) विधिमंडळ निवडतं, तेही बिनपगारी. विस्कॉन्सिन आणि मिनेसोटात असं राज्य मंडळच नाही.

ताईंना सांगा, प्रायमरीचे अर्ज निवडणुकीच्या आदल्या वर्षी नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये भरतात. त्याआधी मंडळाची एक बैठक अख्खी बघा, ऑनलाइन दिसते. जमलं तर नाव नोंदवून दोन मिनिटं बोलूनही या.