उसाखालचा गॅस कुणाचा?

प्रश्न : अमेरिकेत जमिनीखाली गॅस साठवतात म्हणे. माझ्या उसाखाली कुणी साठवला, तर तो माझा का हो? – एक शेतकरी, कागल

वकिलाचं उत्तर : पाव्हणं, अमेरिकेतल्या केंटकी राज्यात १९३४ साली हाच वाद झाला. कंपनीनं जमिनीखालच्या रिकाम्या झालेल्या गॅससाठ्यात गॅस भरला. वरच्या जमीनमालकिणीनं भरपाई मागितली. कोर्ट म्हणालं, हा गॅस पुन्हा रानात सोडलेल्या रानटी जनावरासारखा. कंपनीची मालकीच संपली, मग अतिक्रमण कसलं? अजब तर्क! १९८७ मध्ये त्याच राज्याच्या सर्वोच्च न्यायालयानं तो फिरवला : साठा बंदिस्त असेल, तर गॅस भरणाऱ्याचाच.

तुमचा खरा प्रश्न गॅसवाहिनीचा असावा. आपल्याकडं १९६२ च्या पेट्रोलियम व खनिज वाहिनी कायद्यानं वाहिनीच्या पट्ट्याचा फक्त वापरहक्क जातो, सातबारा तुमचाच. त्या जमिनीच्या बाजारभावाच्या १० टक्के मिळतात, पिकाचं नुकसान वेगळं. त्या पट्ट्यात घर, विहीर, झाड मात्र नाही.