माती-बिती: डोंगरातली लाल माती, निळी फुलं आणि जेसीबी

या वेळी पावसाळा तोंडावर म्हणून की काय, पाच पत्रं आली आणि पाचही लाल मातीची! त्यामुळे कुंड्यांमधल्या मुंग्यांवाल्यांनी जरा थांबा, तुमचा नंबर पुढच्या अंकात.

प्रश्न: नमस्कार काका. ताम्हिणीच्या वाटेवर आम्ही दोघांनी 20 गुंठे जागा घेतली, उताराची आहे. आंब्यासाठी खड्डा घेतला तर सहा फुटांपर्यंत नुसती लाल माती, एक दगड नाही, आम्ही खूश. मग जेसीबी लावून जागा मस्त साफ करून घेतली, पालापाचोळा गोळा करून जाळला. आता दोन वर्षं झाली, आंब्याची रोपं इंचभर वाढत नाहीत, टोमॅटो तर जांभळट पडून मेले. डीएपी खत भरपूर टाकलं. रिपोर्टमध्ये सामू (म्हणजे pH) 5.2 आणि चिकणमाती 48 टक्के आलीये. एक जण म्हणतो चार ट्रक काळी माती आणून टाका. टाकू का? आणि चिकणमाती एवढी असून खड्ड्यातलं पाणी तासाभरात कसं काय आटतं? (एक वाचक, कोथरूड)

नका टाकू. आधी हे सांगतो आणि मग बाकीचं, कारण ट्रकवाला उद्याच यायचा असेल तर.

तुमचा समज असा झालाय की माती खोल म्हणजे माती भारी, आणि तो चुकीचा म्हणता येणार नाही कारण हडपसर, सासवड, बारामतीकडे तो बरोबरच ठरतो, तिथे काळी माती जेवढी खोल तेवढी जमीन महाग. पण तुमची माती खोल झालीये ती वेगळ्या कारणाने. आपला सगळा सह्याद्री म्हणजे लाव्ह्याचे थरावर थर, साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचे, त्यामुळे डोंगर पायऱ्या-पायऱ्यांचा, एक उभा कडा मग एक सपाटसा पदर, परत कडा. कड्यावर माती टिकत नाही, पण पदरावर आणि कड्याच्या पायथ्याला टिकते आणि वरून घरंगळत आलेलीही तिथेच साठते, म्हणून जंगलाचे दाट पट्टे पण तिथेच दिसतात, भीमाशंकरला जाताना बसच्या खिडकीतून बघा. आता या साठलेल्या दगड-मातीवर पाऊस किती पडतो? पुण्यात वर्षाला 700-750 मिलिमीटर, महाबळेश्वरला साडेपाच हजारांच्या पुढे. तुमच्याकडे घाटमाथा म्हणजे तसाच धुवांधार समजा. एवढं पाणी हजारो वर्षं मातीतून खाली जात राहिलं तर दगड कुजून कुजून खोल खोल माती होते खरी, पण त्याच पाण्याबरोबर चुना म्हणजे कॅल्शियम, मॅग्नेशियम, पोटॅश, सोडियम सगळं वाहून जातं, वाळूचं जे मूळ द्रव्य ते सिलिकापण बरंचसं जातं. मागे काय राहतं? लोखंड आणि अॅल्युमिनियम, ज्यांना पाण्याबरोबर जायची घाई नसते. लोखंडाचा गंज म्हणजे तुमचा लाल रंग. हेच अजून पुढे गेलं की जांभा होतो, पाचगणीचं टेबललँड म्हणजे जांभ्याचं झाकणच आहे.

म्हणजे मूळ दगड तोच, काळ्या मातीचा आणि तुमच्या मातीचा, फक्त तिकडे पाऊस कमी म्हणून चुना मातीतच राहिला, खाली चुनखडीचे खडे सापडतात, आणि इकडे सगळा धुतला गेला. घरी करून बघा. दोन्हीकडची मूठभर माती आणा, लाडू वळा, उन्हात ठेवा. काळ्या मातीचा लाडू तडकतो, लालचा तसा तडकत नाही. मग दोन्हीवर व्हिनेगरचे थेंब टाका, चुनखडीवाल्या काळ्या मातीवर फसफस होईल, तुमच्या मातीवर व्हिनेगर गुपचूप मुरेल.

चिकणमाती 48 टक्के असून खड्ड्यातलं पाणी तासाभरात कसं काय आटतं हे तुम्ही पत्राच्या शेवटी विचारलंय, तर चिकणमाती सगळी एकसारखी नसते. काळ्या मातीतली चिकण पाणी पिऊन फुगते आणि अन्नद्रव्यं धरून ठेवते, तिची धरायची ताकद मोजतात ती 80 ते 120 च्या आसपास. तुमच्या मातीत जी असते तिला केओलिनाइट म्हणतात (चिनीमातीच्या कपबशा होतात ना, त्याच कुळातली), ती फुगत नाही, आणि तिची ताकद 3 ते 15. शिवाय लोखंडाचा गंज तिचे कण चिकटवून बारीक रवाळ गोळ्या करतो, म्हणून हाताला भुसभुशीत लागते आणि पाणी निघून जातं. बांधकामाला बरी, ट्रेकला बरी, खत धरून ठेवायला मात्र गळकं मडकं.

मग तिथे जंगल कसं काय उभं होतं? जंगल त्या सहा फुटांवर जगतच नव्हतं, ते वरच्या चार-सहा बोटांवर जगत होतं. पान पडतं, कुजतं, मुळं आणि बुरशी ते तिथल्या तिथे वर ओढून घेतात, परत पान. खाली जाऊ दिलं की गेलं, हे झाडांना आपल्यापेक्षा आधी कळलंय. आणि तुम्ही, राग मानू नका, नेमकं तेच जेसीबीने खरवडून एका कोपऱ्यात जाळलंत. राखपण विखुरली असतीत तरी चाललं असतं, राखेत पोटॅश आणि चुना असतो. शेजारच्या गावातल्या कुणा म्हाताऱ्याला विचारा, मावळात मुळशीत भाताच्या रोपासाठी राब भाजतात तो कशाला? जमिनीवर शेणाचा थर, त्यावर ऐनाचा टहाळ, गवत, पाला, वर बारीक माती, आणि उन्हाळ्यात पेटवून द्यायचं. तणाचं बी मरतं हे एक, पण रोपाच्या तेवढ्या तुकड्याचा आंबटपणा पण उतरतो. सामूचं मशीन नव्हतं, अक्कल होती. त्यासाठी डोंगरचे डोंगर छाटले गेले ही दुसरी बाजू, ती पण खरी.

सामू 5.2 म्हणजे 7.2 च्या मानाने शंभरपट आंबट, ही मोजपट्टी तशीच आहे, एक आकडा खाली म्हणजे दहापट. 5.5 च्या खाली आलं की मातीतलं अॅल्युमिनियम विरघळायला लागतं आणि मुळांची टोकं आखूड, जाडी होऊन बसतात, पाणी असून झाड तहानलेलं. तुमचं डीएपी गेलं कुठे तर कुठेच नाही, त्यातला स्फुरद (फॉस्फरस) लोखंड-अॅल्युमिनियमने पकडून ठेवलाय, जमिनीतच आहे पण झाडाला मिळत नाही, टोमॅटो जांभळट झाले ते यामुळे असणार.

आता करायचं काय. लॅबवाल्यांना नुसता सामू नको, चुन्याची गरज किती ते काढून द्या म्हणावं, त्याप्रमाणे शेतीचा चुना किंवा डोलोमाइट लावणीच्या तीन-चार आठवडे आधी, आणि युरियाबरोबर कधीच नाही, अमोनिया उडून जातो. सगळ्या 20 गुंठ्यांत नको, आळ्यापुरता. डीएपी फेकून देण्यापेक्षा रॉक फॉस्फेट घ्या, काळ्या मातीत ते पडून राहतं पण आंबट मातीत हळूहळू विरघळतं, शेणखतात कालवून खड्ड्यात घाला. पाला एक पानही जाळू नका, उलट रस्त्याकडेला लोक गोळा करून ठेवतात तो मागून आणा. काळी माती उतारावर टाकलीत तर पहिल्याच जुलैत अर्धी खालच्या ओढ्यात जाईल आणि उरलेली वर चिखल करेल. टोमॅटोचा नाद सोडा हो. फणस, कोकम, जांभूळ, करवंद, काजू, वरकस तुकड्यात नाचणी, ही मंडळी तिथली आहेत. आंबा येईल, पण त्याला धीर लागतो आणि तुम्हालाही.

प्रश्न: सर, मी सेकंड इयरला आहे. वेल्ह्याकडे ट्रेकला रस्त्याच्या कडेला कापलेल्या दरडीत लाल मातीचं ढेकूळ फोडलं तर आतून तेल लावल्यासारखं चमकत होतं. अभ्रक असेल का? (सदाशिव पेठ)

अभ्रक नाही. अभ्रक ठिपक्या-ठिपक्यांनी लुकलुकतं, आणि आपल्या बेसॉल्टमध्ये, म्हणजे सह्याद्रीच्या लाव्ह्याच्या दगडात, ते असं भरपूर नसतंच. तू बघितलंस ते बहुतेक चिकणमातीची साय. पाऊस मुरताना वरच्या थरातले अगदी बारीक कण पाण्याबरोबर खाली येतात, आणि खाली ढेकळांमधल्या फटीत, मेलेल्या मुळांच्या नळ्यांत पाणी आटलं की भिंतीला चिकटून बसतात, एकावर एक, चहाच्या कपात डाग चढतो ना तसे. त्यामुळे या मातीत वर हलकी आणि फूट-दीड फुटाखाली एकदम जड चिकण असा फरक पडतो. अशी साय असेल आणि खालीपण मातीच्या धरायच्या ताकदीत चुना-पोटॅश वगैरेंचा वाटा 35 टक्क्यांच्या आत असेल तर अमेरिकन पद्धतीत त्या मातीला अल्टिसॉल म्हणतात, अल्टिमस म्हणजे शेवटचा, धुऊन धुऊन शेवटाला आलेली या अर्थाने. पुढच्या वेळी दहापट भिंग ने, ढेकूळ ओलं न करता हाताने फोड, चाकूने कापलंस तर चाकूचीच चमक येते आणि फसायला होतं. पण एक ऐक, पावसाळ्यात कापलेल्या दरडीखाली उभं राहून हे करू नकोस. का ते पुढच्या उत्तरात.

प्रश्न: माळीण आणि इर्शाळवाडीवर दरड कोसळल्यापासून माझ्या मुलाने घेतलेल्या डोंगरउतारावरच्या बंगल्यात झोप लागत नाही. बिल्डर म्हणतो लाल माती घट्ट असते, सरकत नाही. खरं का? (एक आजी, सहकारनगर)

आजी, घट्ट असते हे कोरडी असताना खरं आहे. जीव घाबरा करायचा नाहीये, पण 30 जुलै 2014 ला आंबेगाव तालुक्यातलं माळीण गेलं तेव्हा दीडशेच्या वर माणसं गेली, आणि 19 जुलै 2023 च्या रात्री इर्शाळवाडी, दोन्ही भर जुलैतले, सलग पाऊस झालेला. उतारावरची खोल माती म्हणजे खडकाच्या घसरगुंडीवर ठेवलेलं ओझं समजा. पाणी मातीतून भराभर खाली जातं पण खालच्या कातळाशी किंवा जड चिकणीशी येऊन अडतं, तिथे दाब वाढतो, वरचं ओझं पाण्याने अजून जड, आणि मग सगळंच एकदम निघतं. झाडांची मुळं ती माती शिवून धरतात. झाड तोडल्यावर लगेच काही होत नाही ही खरी फसवणूक, मुळं कुजायला काही वर्षं लागतात, तोवर बंगला विकून झालेला असतो.

मुलाला सांगा या गोष्टी बघायला: घरासाठी डोंगराचा पाय कापलाय का, कापला असेल तर मागच्या भिंतीला पाणी बाहेर यायला भोकं नाहीत किंवा असून बुजलीत का, वरच्या बाजूला चंद्रकोरीसारखी भेग पडलीये का, झाडं, विजेचे खांब कलायला लागलेत का, जिथे झरा नव्हता तिथे गढूळ पाणी फुटलंय का, दारं-खिडक्या अचानक अडकायला लागल्यात का. यातलं शेवटचं सोडून बाकी काही जरी दिसलं तरी पावसाळाभर पुण्यात राहा, नंतर भूगर्भवाल्या इंजिनियरला दाखवा, बिल्डरच्या नाही, आपल्या. दार नुसतं लाकूड फुगूनही अडकतं, म्हणून तेवढ्यावरून घाबरू नका.

प्रश्न: मुलगी अमेरिकेत पोर्टलंडला असते. तिथे द्राक्षाचे मळे बघायला गेलो तर माती सेम महाबळेश्वर! हे कसं? (औंध)

कारण दगड सेम. पोर्टलंड ज्या ऑरेगन राज्यात आहे तिथे पण लाव्ह्याचे असेच थर आहेत, आपल्यापेक्षा बरेच तरुण, आणि तुम्ही बघितलीत ती बहुतेक जोरी नावाची माती, 2011 मध्ये तिला त्यांनी राज्याची माती म्हणून जाहीर केलं, आपल्याकडे शेकरू राज्यप्राणी आहे तसं. बेसॉल्टच्या उतारांवरची, खूप खोल, चिकण, आंबट, वर पानाचा काळसर थर. फरक एवढाच की तिथे पाऊस हिवाळ्यात पडतो आणि उन्हाळा कोरडा, म्हणून वाइनच्या द्राक्षांना जमतं. आपण चार महिने बुडालेले असतो.

प्रश्न: महाबळेश्वरहून निळ्याशार फुलांचं हायड्रेंजिया आणलं. बाल्कनीत पुढच्या वर्षी फुलं गुलाबी आली. नर्सरीवाल्याने फसवलं का? (बाणेर)

नाही हो, बिचाऱ्याला शिव्या देऊ नका! तेच झाड आहे. आंबट मातीत अॅल्युमिनियम विरघळतं असं पहिल्या उत्तरात म्हटलं ना, आंब्याच्या मुळाला ते विष आणि या फुलाला ते नीळ. साधारण 5.5 च्या खाली माती असली की झाड ते उचलतं आणि फूल निळं होतं, माती गोडी झाली की मिळत नाही आणि फूल गुलाबी. तुम्ही काळ्या मातीच्या मिक्समध्ये लावलं असणार आणि वर सोसायटीच्या बोअरचं जड पाणी, त्यात चुना असतोच. कुंडी बदला, लाल माती, पानांचं खत, पाणी शक्यतो पावसाचं साठवलेलं किंवा नळाचं. किराणा दुकानातली तुरटी चालते, पाव चमचा लिटरभर पाण्यात विरघळवून पंधरा दिवसांनी एकदा, जास्त केलंत तर मुळं जळतील. कळ्या धरायच्या आधी सुरू करा, उमललेल्या फुलाचा रंग आता पालटायचा नाही. आणि झाड पांढऱ्या जातीचं असलं तर तुरटी वाया घालवू नका, ते पांढरंच राहणार.