डबा जुना दिसतोय

प्रिय पोरी,

तुझा लांबलचक मेसेज रात्री वाचला आणि सकाळी कागद घेऊन बसले. मोबाइलवर लिहायला गेले की माझं निम्मं लक्ष अक्षरं शोधण्यात जातं.

तर, चार महिने एका खोलीत राहूनही तुझी नि तुझ्या रूममेटची गाडी 'जेवलीस का' आणि 'लाइट घालवू का' याच्या पुढे सरकत नव्हती. म्हणून तू नेटवरून ती छत्तीस प्रश्नांची यादी काढलीस आणि रात्री अकरा वाजता तिला विचारलंस, "तू शेवटची कोणासमोर रडली होतीस?" ती म्हणाली, झोप आलीय, आणि भिंतीकडे तोंड करून पडली. खरं सांगते, मला आधी हसूच आलं.

यादी वाईट नाही. आर्थर एरन नावाचे अमेरिकी मानसशास्त्रज्ञ आणि त्यांचे सहकारी यांनी १९९७ साली छापलेल्या प्रयोगातली आहे ती. बोलून जवळीक वाढते का ते बघायला माणसांच्या जोड्या लावल्या, पंचेचाळीस मिनिटं दिली, आणि प्रश्नांचे तीन गट केले: आधी वरवरचे, मग जरा आतले, मग अगदी आतले. प्रत्येक प्रश्नाला दोघांनीही उत्तर द्यायचं. तुझा रडण्याचा प्रश्न त्यात तिसाव्या नंबरवर आहे. म्हणजे एकोणतीस पायऱ्या सोडून तू थेट माळ्यावर उडी मारलीस, आणि स्वतःचं उत्तर दिलंच नाहीस. शिवाय ती माणसं प्रयोगाला म्हणून आली होती. तुझी मैत्रीण कपड्यांच्या घड्या घालत होती!

मी काही शहाणी नव्हते. १९८६ साली नोकरीला लागले तेव्हा शाळेत माझ्याबरोबर आणखी एक नव्या बाई रुजू झाल्या. पहिल्याच दिवशी मी सुरू: मिस्टर कुठे असतात, मुलं किती, सासर कुठलं? बाईंनी "आहेत तिकडेच" असं काहीतरी पुटपुटलं. दुसऱ्या दिवसापासून त्या मधल्या सुट्टीत वर्गातच मुलांबरोबर डबा खायला लागल्या. माझी आपली समजूत, स्वभावच घुमा असेल.

पुढे पावसाळ्यात वर्ग गळायला लागला, म्हणून त्या नाइलाजाने स्टाफरूममध्ये आल्या. त्यांचा स्टीलचा डबा माझ्यासमोरच होता. लग्नातल्या भांड्यांवर भांडेवाल्याकडून घालून घेतात ना, तसं ठिपक्याठिपक्यांच्या अक्षरांत झाकणावर नाव होतं. नावाआधीचं 'सौ.' मात्र कशानेतरी घासून काढलेलं. तेवढाच भाग खरखरीत, पांढरट. तोंडापर्यंत आलेला प्रश्न मी कसाबसा गिळला आणि म्हटलं, "डबा जुना दिसतोय."

"आईने दिलेला," त्या म्हणाल्या. बराच वेळ काही नाही. मग म्हणाल्या, "सगळी भांडी तिकडेच राहिली. हा तेवढा पिशवीत होता."

त्या दिवशी एवढंच. बाकीचं कळायला वर्ष लागलं, आणि काही भाग मला अजूनही ठाऊक नाही. आज आम्ही दोघी निवृत्त आहोत आणि रोज संध्याकाळी फोन असतो.

प्रश्न आणि चौकशी यांतला फरक मला नीट कळला तो जनगणनेत. २००१ च्या फेब्रुवारीत आम्हा मास्तर-बाईंना घरोघर पाठवलं होतं, तेवीस प्रश्नांची अनुसूची घेऊन. कुटुंबप्रमुखाचं नाव विचारलं की म्हाताऱ्या बायका पदर तोंडाला लावायच्या. नवऱ्याचं नाव घ्यायचं कसं? मग नातवाला पुढे करायच्या, नाहीतर शेजारीण दारातून ओरडून सांगायची. एक आजी तर उखाणाच घेऊन मोकळ्या झाल्या. तेवीस प्रश्नांत बाई जेवढी बोलायची नाही तेवढी कागद पिशवीत गेल्यावर आणि मी पाणी मागितल्यावर बोलायची. कोणती मुलगी कशाने गेली, विहीर कोणी खणली, सगळं. त्याला माझ्याकडे रकाना नव्हता.

आणि एक. तुला जे साधे प्रश्न वाटतात ते सगळ्यांना साधे नसतात. 'आडनाव काय गं?' हा आपल्याकडे ओळखीचा पहिला प्रश्न; पण जिला त्यानंतर समोरच्याचा चेहरा बदललेला दिसलाय, तिला तो वेगळा ऐकू येतो. तू लिहिलंस की ती बीडकडची, आणि 'दिवाळीला तुमच्याकडे काय काय करतात?' यावर नुसती "काही नाही" म्हणाली. त्या भागातली कितीतरी घरं दसरा झाला की ऊसतोडीला निघतात. मजूर गोळा करणाऱ्या मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेतलेली असते, नवरा-बायको मिळून एक 'कोयता' धरला जातो, आणि दिवाळी कारखान्याच्या आसपास कोपीत, म्हणजे झोपडीत, होते. माझ्या वर्गातली अशी पोरं दिवाळीच्या आत पटावरच उरायची. तिचं घर तसं असेल असं मी म्हणत नाही, आणि तूही ते गृहीत धरून कळवळून बोलायला जाऊ नकोस. ते त्याहून वाईट. 'काही नाही' हेही उत्तर असतं, एवढंच लक्षात असू दे.

मग करायचं काय? समोरासमोर बसवून विचारू नकोस. हाताला काम असताना माणूस बोलतं: कपडे वाळत घालताना, भाजी निवडताना, बसची वाट बघताना. डोळ्यांसमोर असेल त्याबद्दल विचार. तिने आणलेली चटणी कोणी कुटली, गोधडीतला तो निळा तुकडा कशाचा. आधी आपलं सांग, पण थोडं. तुझ्या आजीच्या आजारपणाची सगळी फाइल उघडू नकोस. ती थांबली की तूही थांब. ती पोकळी भरायची तुला फार घाई असते, लहानपणापासून. आणि तिने सांगितलेलं लक्षात ठेव. बहिणीची परीक्षा मंगळवारी आहे म्हणाली असेल, तर बुधवारी विचार पेपर कसा गेला. छत्तीस प्रश्नांत हा नाही, पण मी असते तर पहिला घातला असता.

तिसाव्या प्रश्नाबद्दल माफी वगैरे मागत बसू नकोस, आणखी अवघड करून ठेवशील. हवं तर कधीतरी तू शेवटची कधी रडलीस ते सांग. मला माहीत आहे, मेसचं बिल हरवलं तेव्हा.

सुट्टीत येशील तेव्हा तिलाही घेऊन ये. मी काही विचारणार नाही. मेथीची जुडी पुढ्यात ठेवीन दोघींच्या.

तुझी,
बाई