झाडावर नोटीस लागलीय, आता काय करायचं?

प्रश्न: नमस्कार ताई, आम्ही वारज्यात राहतो, सोसायटीच्या मागं टेकडीचा उतार आहे. परवा तिथल्या झाडांवर रंगानं नंबर टाकलेले दिसले आणि एका कडुलिंबावर तोडीची नोटीस चिकटवलीय. तिकडं मोर येतात, मुंगूस दिसतं, पावसाळ्याच्या तोंडावर नवरंग ओरडतो. ग्रुपवर कुणी म्हणतं ऑनलाइन सह्या घेऊ, कुणी म्हणतं आधी आरटीआय टाकू. शिवाय एक कंपनी वरच्या गवताच्या माळावर फुकट झाडं लावून देते म्हणतीय, हो म्हणू का?

उत्तर: ताई, आधी नोटिशीवरची तारीख बघा, बाकी सगळं नंतर. राज्याच्या १९७५ च्या झाडांच्या कायद्यात हरकतीला फक्त ७ दिवस मिळतात आणि आरटीआयच्या उत्तराची मुदतच ३० दिवसांची, म्हणजे माहिती हातात येईपर्यंत हरकतीची वेळ टळून गेलेली असते. आरटीआय टाकाच, पण हरकत आज द्या. सह्या आणि मोर्चे लागतातच, २०२३ च्या एप्रिलमधे वेताळ टेकडीसाठी हजारो पुणेकर रस्त्यावर उतरले तेव्हा केवढा जोर आला होता, पण फाइलीत बसतो तो कागद. महापालिकेच्या वृक्ष अधिकाऱ्याच्या नावानं प्रत्येक घराचा वेगळा अर्ज द्या, आणि पोच म्हणून शिक्का, तारीख घेतल्याशिवाय खिडकीवरून हलू नका.

अर्जात 'पर्यावरणाचा ऱ्हास' वगैरे मोघम नको. झाडाचा नंबर लिहा, खोडाचा घेर टेपनं मोजा, ढोली आहे का, तिच्यात पिंगळा बसतो का, फोटो कधीचा. झाड ५० वर्षांच्या वरचं असेल तर ते ठळक लिहा, २०२१ च्या दुरुस्तीनंतर अशी झाडं हेरिटेज धरतात. घरटं सापडलं तर ते पहिल्याच ओळीत येऊ दे, कारण १९७२ च्या वन्यजीव कायद्यात रानपक्ष्याची अंडी किंवा घरटं मोडणं शिकारीत धरलंय. आणि फक्त वर बघत फिरू नका हं, टिटवी उघड्या मुरमात खड्यांमधेच अंडी घालते, रंग हुबेहूब खड्यांचा, अगदी पायाशी असली तरी दिसत नाहीत.

मग सातबारा आणि झोन दाखला काढा. बीडीपी, म्हणजे टेकड्यांवरचं जैवविविधता उद्यानाचं आरक्षण आहे का, डोंगरमाथा-डोंगरउतार आहे का ते कळेल, १:५ (पाच फुटांत एक फूट चढ) किंवा त्याहून तीव्र उतारावर बांधकाम करता येत नाही. वनखात्याची जमीन निघाली तर १९८० चा वनसंवर्धन कायदा लागतो, मग वनविभागाला पण पत्र द्या.

कंपनीला मात्र स्पष्ट नाही म्हणा. सातबाऱ्यावर असल्या जमिनीपुढं 'पोटखराब', म्हणजे लागवडीला नालायक, असं लिहिलेलं असतं म्हणून सगळ्यांना ती रिकामी वाटते, पण टिटवी, चंडोल, ससे यांना तो उघडा माळच हवा असतो. आपल्या टेकड्यांवर जिथं गिरिपुष्प (ग्लिरिसिडिया, बाहेरून आणलेलं झाड) लावलं तिथं खाली गवत धड उगवत नाही, जाऊन बघा. त्यांना झाडं लावायचीच असतील तर सोसायटीच्या रस्त्याकडेला जागा दाखवा आणि उन्हाळ्यात ३ वर्षं पाणी कोण घालणार ते लेखी मागा.