नोकरी-संसार सांभाळून पीसी गेमिंगचा छंद परवडतो का? रोज वेळ किती मिळतो आणि पैसा नेमका कशावर जातो?

परवडतो. पण तुम्ही वेळ आणि पैसा दोन्ही विचारलंत, मी वेळेपासून सुरुवात करतो. पैशाची सोय लावता येते. आज नाही तर दिवाळीच्या बोनसला. सलग दीड तास मात्र कुठल्याच दुकानात मिळत नाही.

मी नाशिकच्या अंबडमधल्या एका कारखान्यात शिफ्टमध्ये आहे, राहायला पाथर्डी फाट्याकडे. फर्स्ट शिफ्टच्या आठवड्यात पोरगी झोपली की दहा-साडेदहाला बसतो. पहाटे उठायचं असतं, त्यामुळे जेमतेम तासभर. सेकंड शिफ्ट सगळ्यात भारी. रात्री साडेअकराच्या पुढे घरी, जेवण गरम करून घ्यायचं आणि मग दीडपर्यंत कुणी हाक मारत नाही. थर्ड शिफ्टला पीसीला हातच लावत नाही. शनिवारी कंपनी बंद, आणि देखभाल-दुरुस्तीसाठी लाइट घालवायला लाइटवाल्यांनाही बहुतेक तोच दिवस सापडतो.

या वेळापत्रकामुळे कुठला गेम घ्यायचा हे आपोआप ठरतं. माझी पहिली अट: गेम मधेच थांबवता आला पाहिजे. गोष्टीचे, एकट्याने खेळायचे गेम त्यात बसतात. एस्केप दाबा, पोरीला पाणी द्या, परत या. ऑनलाइन मॅचचं तसं नाही. काउंटर-स्ट्राइक 2 मध्ये जो आधी तेरा राउंड जिंकेल त्याची मॅच, म्हणजे अर्धा-पाऊण तास जागचं हलायचं नाही. मधेच बाहेर पडलात तर आधी तीस मिनिटांची बंदी, पुन्हा तसंच झालं तर दोन तास, मग चोवीस तास, मग आख्खा आठवडा. ‘लाइट गेली होती हो’ हे तिथे कुणी ऐकत नाही. कॉलेजचे मित्र आता पुण्यात नाहीतर बंगळुरूला, सगळे एका वेळी ऑनलाइन येणं म्हणजे लग्नाचा मुहूर्त काढण्यासारखं आहे. म्हणून मॅच ठरवून, घरात आधी सांगून, महिन्यातून एखाददुसऱ्या रात्रीच.

आता पैसा. सगळे ग्राफिक्स कार्डाबद्दल (गेमचं चित्र बनवणारा पीसीतला भाग) विचारतात. माझ्या टेबलावरची सगळ्यात कामाची वस्तू यूपीएस आहे. वळवाच्या दिवसांत, एप्रिल-मे महिन्यात, दुपारनंतर वारा सुटला की लाइट जाते, येते, परत जाते. दुकानदार सहाशे व्हीएचा यूपीएस पुढे सरकवतो, तो घेऊ नका. त्यातून साधारण साडेतीनशे वॉट निघतात. ऑफिसच्या कामाला ठीक आहे, पण गेम चालू असताना पीसी आणि मॉनिटर मिळून तेवढं सहज ओढतात आणि लाइट गेल्यावर यूपीएस एकदा ओरडून गप बसतो. एक केव्हीएचा, म्हणजे हजार व्हीएचा, घ्या. आठ-दहा मिनिटं मिळाली तरी सेव्ह करून नीट बंद करता येतं. घरात इन्व्हर्टर असेल तर त्याच्या मागे यूपीएस मोडचं बटण आहे का बघा. साध्या मोडमध्ये लाइट गेल्यावर बॅटरीवर यायला तो क्षणभर जास्त घेतो. पंख्याला ते कळत नाही, पीसी मात्र रीस्टार्ट होतो.

आणि राउटर! त्याला विसरू नका. बारा व्होल्टचा छोटा मिनी यूपीएस हजार-दीड हजारात मिळतो. पीसी चालू, राउटर बंद, असं झालं तर ऑनलाइनवाल्याला काय उपयोग? (खांबावरच्या डब्यात केबलवाल्याने बॅटरी ठेवली नसेल तर दोन्ही असून काही उपयोग नाही, ते सोडा.)

पिंगच्या, म्हणजे गेमच्या सर्व्हरपर्यंत जाऊन यायला लागणाऱ्या वेळेच्या बाबतीत नाशिक नशीबवान आहे. काउंटर-स्ट्राइक, व्हॅलोरंट यांचे सर्व्हर मुंबईत आहेत, वायरने जोडलं तर पिंग बहुतेक वेळा वीस मिलिसेकंदांच्या आत राहतं. वाय-फायवर खेळू नका, कॅट सिक्सची (नेटची) वायर माळ्यावरून ओढून घ्या. हल्ली त्रास वेगळाच आहे. 2027 च्या सिंहस्थाची कामं निघालीत, रस्ते उकरलेत, आणि जेसीबीच्या दाताला फायबर लागली की दोन दिवस मोबाइलच्या हॉटस्पॉटवर. त्यात नेमका गेमचा अपडेट आला तर बसा. बाल्डर्स गेट 3 एकटाच दीडशे जीबी जागा मागतो. म्हणून मी अपडेटचं वेळापत्रक पहाटे तीनचं लावून ठेवलंय. नाहीतर हातात असलेला एकुलता एक तास टक्केवारी बघण्यात जातो. जुन्या हार्ड डिस्कवर खेळत असाल तर सगळ्यात आधी एसएसडी (जास्त वेगाची डिस्क) घ्या. लोडिंगची मिनिटं वाचतात आणि तासाभरात त्यांची किंमत कळते.

कीबोर्डबद्दल एकच सांगतो, ब्लू स्विच नको. स्विच म्हणजे बटणाखालचा भाग, ब्लूच्या आत खास ‘टक’ आवाजासाठी बसवलेला भाग असतो आणि रात्री एक वाजता तो भिंतीपलीकडे जातो. रेड घ्या, त्यात टक नाही. खाली जाड मॅट टाकली की बोट टेकल्याचा ठोकाही मरतो. आमच्याकडे घरातली शांतता त्या मॅटवर टिकून आहे असं बायकोचं म्हणणं आहे.

गेमांवरचा खर्च मात्र लोकांना वाटतो तेवढा नाही. स्टीम या गेम विकणाऱ्या साइटवर 2015 पासून रुपयात किंमत दिसते, यूपीआय चालतं. जूनअखेरचा आणि डिसेंबरचा असे दोन मोठे सेल असतात. नवा निघालेला गेम तीन-चार हजारांना असतो. वर्ष-दीड वर्ष दम काढलात तर तोच बऱ्याचदा निम्म्यात, आणि तोवर त्यातले बगही निघालेले असतात. एपिक हा दुसरा गेमविक्रेता दर गुरुवारी रात्री फुकट गेम देतो, 2020 च्या मे महिन्यात तर जीटीए फाइव्ह दिला होता आणि गर्दीने साइटच झोपली होती. फुकट आहे म्हणून सगळे घेतो. खेळतो किती, ते विचारू नका.

स्टीमच्या परताव्याचा नियम पाठ असू द्या: घेतल्यापासून चौदा दिवसांत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळला असेल तर पैसे परत. यात एक मेख आहे. आजकालचे मोठे गेम पहिल्यांदा उघडले की शेडर कंपाइल करत (चित्र दाखवायची तयारी करत) बसतात, साध्या प्रोसेसरवर वीस-पंचवीस मिनिटंसुद्धा. तीही तुमच्या दोन तासांत धरली जातात. आधी ते होऊ द्या, मग लगेच खेळून बघा, कुणाचं ट्रेलर बघत बसू नका.

नातेवाइकांचं एक राहिलंच. 2025 च्या ऑगस्टमध्ये पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेमांवर बंदी आणणारा कायदा झाला, तेव्हा मला सिडकोतून मावशीचा फोन. ‘अरे, तुझं ते बंद झालं म्हणे, बरं झालं.’ मी ड्रॅगन मारतो, रमी खेळत नाही, हे पटवायला बराच वेळ गेला. पटलं असं अजूनही वाटत नाही.

नवा पीसी घ्यायचा तर सध्या रॅमचे भाव डोळे पांढरे करतील. 2025 च्या शेवटापासून मेमरी बनवणाऱ्यांचा माल एआयच्या डेटा सेंटरांकडे वळलाय आणि आपल्यासारख्यांच्या वाट्याला चढे भाव आलेत. त्यामुळे जुना पीसी असेल तर त्यातली रॅम जपून ठेवा आणि फक्त ग्राफिक्स कार्ड बदलून भागतं का ते आधी बघा. फुल एचडी मॉनिटरसाठी आठ जीबीचं कार्ड अजून पुरतं, सेटिंग थोडी उतरवायची तयारी हवी.

सेकंडहँड कार्डाला माझा विरोध नाही. 2022 च्या सप्टेंबरात इथेरियम या डिजिटल चलनाचं मायनिंग (ग्राफिक्स कार्डावर हिशेब चालवून चलन कमावणं) बंद पडलं तेव्हा दिवस-रात्र राबलेली कार्डं ढिगाने बाजारात आली, त्यातली काही अजून फिरतात. मायनिंगवर चाललेलं कार्ड वाईटच असतं असं नाही, पण त्याचे पंखे आणि मेमरी थकलेली असू शकते. एमजी रोडवर दुकानात घेत असाल तर तिथेच अर्धा तास जड गेम चालवून दाखवायला सांगा, तापमान बघा, पंख्याजवळ कान नेऊन खरखर येते का ऐका. मग सिरियल नंबर कंपनीच्या साइटवर टाकून वॉरंटी शिल्लक आहे का तपासा आणि मूळ बिल मागा. बिल घरी राहिलंय म्हणाला तर उद्या आणून दे म्हणावं, पैसे उद्याच.